ग्रॉस बीटचं गेट: महालच्या गल्लीत काय टिकतं, काय विरतं

नागपुरात रिमिक्स बनवणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या लॅपटॉपवर एफएल स्टुडिओ हे संगीत बनवण्याचं सॉफ्टवेअर असतं. त्यातल्या ग्रॉस बीट या प्लगिनशी, म्हणजे आवाजावर लावायच्या इफेक्टशी, बहुतेकांची ओळख मात्र 'हाफ स्पीड'पुरतीच. आवाज निम्म्या वेगाने, एक सप्तक खाली, झालं काम! ग्रॉस बीटच्या खिडकीचा डावा भाग वेळेचा आणि उजवा आवाजाच्या पातळीचा. हा आढावा उजव्या भागाचा आहे, म्हणजे लांब चालणाऱ्या आवाजाला लयीत कापणाऱ्या गेटचा. मारबतीच्या मिरवणुकीपासून गणपती, नवरात्र, दीक्षाभूमीच्या वाटेवरची भीमगीतं आणि लग्नाच्या वरातीपर्यंत जो माल इथे तयार होतो, त्यात हे गेट कुठे कामाचं आहे आणि कुठे नाही, एवढंच पाहायचं आहे.

आधी एक फरक, कारण निम्मी गडबड तिथूनच सुरू होते. गेट म्हटलं की दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने चालतात. पहिलं गेट आवाज ऐकून उघडतं: ठरवलेल्या पातळीच्या वर आवाज गेला की दार उघडं, खाली आला की बंद. दुसरं काहीच ऐकत नाही. ते प्रोजेक्टच्या घड्याळाकडे पाहतं आणि आपण काढलेल्या रेषेप्रमाणे आवाज वर-खाली करतं. ग्रॉस बीट हे दुसऱ्या जातीचं. ट्रान्समध्ये ऐकू येणारं 'ता-ता-त-ता' कापलेलं पॅड (सिंथचा लांब धरलेला सूर) दोन्हींनी करता येतं, पण दोन्हींच्या चुका वेगळ्या, म्हणून उपायही वेगळे.

घड्याळाच्या गेटची पहिली अट: गाणं ग्रिडवर, म्हणजे प्रोजेक्टच्या समान अंतराच्या ठोक्यांवर, बसलेलं हवं. समजा, जुन्या लोकगीताचं रेकॉर्डिंग १००.४ बीपीएमने (मिनिटाला १००.४ बीट) चालतंय आणि प्रोजेक्ट १०० वर ठेवलाय. एका बीटमागे फरक जेमतेम २.४ मिलिसेकंदांचा. पहिल्या चार ओळींत कळतही नाही. पण ३२ बारनंतर (चार बीटचा एक बार) तो ३०६ मिलिसेकंद होतो, आणि १०० बीपीएमवर १/१६ ठोका, म्हणजे बारचा सोळावा भाग, १५० मिलिसेकंदांचा असतो. म्हणजे गेट दोन पूर्ण ठोके सरकलं. मग 'काहून बे, मधेच गाणं लंगडतंय' असं ऐकावं लागतं आणि दोष प्लगिनला जातो. ढोलकी हाताने वाजवलेली असेल तर बीपीएम दशांशापर्यंत जुळवूनही पुरत नाही, कारण वाजवणारा कडव्यात थोडा मागे आणि ध्रुवपदात थोडा पुढे जातोच. असं गाणं आधी तुकडे करून ग्रिडवर बसवा, नाहीतर त्यावर ग्रॉस बीटचं गेट लावूच नका. त्याच्यासाठी आवाज ऐकणारं गेट आहे, त्याकडे पुढे येऊ.

ग्रॉस बीटची जमेची मोठी बाजू म्हणजे ३६ व्हॉल्यूम एनव्हलप (पातळी वर-खाली करणाऱ्या रेषा), आणि प्रत्येक हाताने काढता येतो. वेळेच्या बाजूलाही ३६ आहेत. उजव्या क्लिकने बिंदू टाकायचा, बिंदूवर पुन्हा उजवा क्लिक केला की वळणाचे प्रकार येतात. गेटसाठी त्यातले दोन महत्त्वाचे. 'होल्ड' निवडलं की रेषा पुढच्या बिंदूपर्यंत सपाट राहते आणि मग एकदम उडी मारते: चौकोनी, धारदार कट. 'पल्स' निवडलं तर दोन बिंदूंच्या मध्ये उघड-मीटचे अनेक ठोके एकदम येतात, आणि मधल्या छोट्या टेन्शन-बिंदूला वर-खाली ओढून त्यांची संख्या बदलता येते. घाईत बिल्डअप (ध्रुवपदाआधी चढत जाणारा भाग) करायचा असेल तर हे सगळ्यांत झटपट: पहिल्या अर्ध्या बारमध्ये चार पल्स, पुढच्या पाव बारमध्ये चार, शेवटच्या पाव बारमध्ये आठ. ऑल्ट धरून ओढलं की बिंदू ग्रिडला चिकटत नाही. ठोका किंचित मागे ठेवून झुलती लय आणायची तर हीच युक्ती.

तयार प्रीसेट मात्र आमच्या मते या प्लगिनची सगळ्यांत कमी उपयोगाची बाजू. वाईट आहेत म्हणून नाही, सगळ्यांचे तेच म्हणून. शिवाय सरसकट १/१६ वर शंभर-शून्य-शंभर-शून्य असं कापलेलं पॅड चार बारनंतर शिलाई मशीनसारखं वाटायला लागतं. उघड-बंद एवढंच न ठेवता प्रत्येक ठोक्याला वेगळी उंची दिली की तेच पॅड वाजवल्यासारखं होतं. आणि उंच्या कुठून आणायच्या हा प्रश्न मराठी माणसाला पडायचं कारण नाही. केरवा घ्या: धा गे ना ति, न क धि ना. आठ मात्रा, एका बारमध्ये आठ १/८ ठोके, हिशेब तंतोतंत. उंच्या अशा ठेवून पाहा: धा १००, गे ७०, ना ८५, ति ५५, न ६०, क ३०, धि ९०, ना ८०. हे आकडे कुठल्या शास्त्रातले नाहीत, सुरुवात करायला आहेत. पण पाचव्या मात्रेवरची 'खाली' (तालाची हलकी, रिकामी जागा) जपली की ऐकणाऱ्याच्या पायाला लगेच ओळख पटते, मग सिंथच्या सुपरसॉ आवाजाचं पॅड असो की हार्मोनियमचा धरलेला सूर.

यातच एक पुढची पायरी आहे. या ठेक्यात डग्ग्याचा घुमारा धा, गे आणि धि यांवर येतो, म्हणजे पहिली, दुसरी आणि सातवी मात्रा. पॅडला आठ मात्रांचा एनव्हलप, आणि बेस सिंथला वेगळ्या ग्रॉस बीटमध्ये फक्त १, २ आणि ७ वर उघडणारा. दोन्ही एकत्र वाजले की तबला नसतानाही ठेका ऐकू येतो. वर खरी ढोलकी किंवा हलगी आली तर ती भांडत नाही, बसते.

दादरा जरा त्रास देतो. धा धी ना, धा ती ना: सहा मात्रा. चार-चारच्या बारमध्ये १/८ ट्रिपलेट बारा बसतात, म्हणजे एका बारमध्ये दादऱ्याची दोन आवर्तनं, हिशेब सुटतो. पण सोळा खणांच्या ग्रिडवर बारा भाग बसत नाहीत. दोन वाटा आहेत. ऑल्ट धरून बिंदू नजरेने लावायचे, किंवा दर बीटला एक 'पल्स' तुकडा घेऊन त्यात तीनच पल्स बसवायचे. दुसरी वाट नेमकी, पण त्यात प्रत्येक पल्सची उंची वेगळी ठेवता येत नाही, त्यामुळे सम हरवते. आम्ही पहिलीच सुचवू. बिंदू एक-दोन मिलिसेकंद इकडेतिकडे झाला तर चालतो, सपाट दादरा चालत नाही.

आता टकटक. गेट लावल्यावर दर ठोक्याला बारीक 'टक्' ऐकू येते, ही या कामातली सगळ्यांत जास्त येणारी तक्रार. कारण सरळ आहे: लहर मधल्या उंचीवर असताना रेषा एकदम उडी मारते, आणि अचानक उडी म्हणजे सगळ्या फ्रिक्वेन्सींचा एक छोटा फटाका. पॅड असेल तर २ ते ५ मिलिसेकंदांचा चढ आणि २० ते ४० मिलिसेकंदांचा उतार पुरतो. बेसचं गणित वेगळं. ५० हर्ट्झच्या सुराची एक लहरच २० मिलिसेकंदांची, तिथे २ मिलिसेकंदांचा चढ म्हणजे लहरीचा दहावा भाग: टक् होणारच. बेसला ८ ते १२ मिलिसेकंद द्या. ग्रॉस बीटमध्ये व्हॉल्यूमच्या बाजूला अटॅक, रिलीज आणि टेन्शनचे नॉब आहेत, ते सगळ्या रेषेला एकदम मऊ करतात. आकडा शोधत बसू नका, टक् जाईपर्यंत फिरवा आणि तिथेच थांबा. पुढे गेलात तर उलटा रोग होतो: १२८ बीपीएमवर १/१६ ठोका ११७ मिलिसेकंदांचा, निम्मा वेळ उघडं ठेवलं तर बंद वेळ जेमतेम ५८. उतारच साठ मिलिसेकंदांचा ठेवला तर पातळी तळाला पोचायच्या आत पुढचा ठोका येतो, आणि गेटचं नुसतं थरथरणं उरतं. अशा वेळी लोक मिक्स नॉब (इफेक्टचं प्रमाण) वाढवतात, पण दोष उताराचा असतो.

मोठ्या सिस्टिमवर हीच टकटक दुप्पट त्रासदायक होते, आणि ती भलत्याच ठिकाणाहून येते. बेस कापला म्हणून खाली काहीतरी होईल असं वाटतं. पण फटाक्यात वरच्या फ्रिक्वेन्सी असतात, क्रॉसओव्हर (वरचा-खालचा आवाज वेगवेगळ्या स्पीकरना वाटणारं यंत्र) त्या बरोबर वेगळ्या काढून वरच्या हॉर्नला देतो, आणि बेसची टकटक टॉपमधून ऐकू येते. हेडफोनवर जी कळली नाही, ती चौकात कळते. म्हणून १२० हर्ट्झच्या खालचा भाग शक्यतो गेटमधून नेऊच नका. आवाज दोन मिक्सर ट्रॅकवर पाठवा, एकावर इक्यूने खालचा भाग काढून गेट लावा, दुसऱ्यावर वरचा काढून तो तसाच सोडा. पॅड कितीही कापा, खालचा आधार हलत नाही.

टकटक खरंच गेटची आहे का, हेही तपासा. मे महिन्यात, पारा ४५ च्या वर आणि लॅपटॉप तापलेला, तेव्हा प्रोसेसर आपला वेग कमी करतो आणि ऑडिओ बफर वेळेत भरला जात नाही. त्यानेही टकटक होते, अगदी गेटसारखीच. ओळखायची सोपी रीत: तो तुकडा वेव्ह फाइलमध्ये रेंडर करा आणि ऐका. फाइलमध्ये टक् आहे, दर वेळी त्याच जागी आहे, तर ती गेटची. फाइल स्वच्छ आहे तर बफरची, मग बफर वाढवा. ४४.१ किलोहर्ट्झवर ५१२ सॅम्पल म्हणजे ११.६ मिलिसेकंद. मिक्सिंग करताना १०२४ ठेवलं तरी काही बिघडत नाही.

कूलरचाही इथे संबंध येतो. उन्हाळ्यात घरच्या खोलीत गायकाचा आवाज रेकॉर्ड होतो तेव्हा डेझर्ट कूलर बंद करणं माणुसकीला धरून नसतं, त्यामुळे मागे सतत वाऱ्याचा फसफसाट आणि मोटरची घरघर येते. गाणं चालू असताना ती झाकली जाते. पण त्या आवाजावर लयीचं गेट लावलं की कूलरही लयीत वाजायला लागतो! सतत चालणारा आवाज कान विसरतो, पण तोच तुटक-तुटक आला की नेमका तोच ऐकू येतो. आवाज ऐकणारं गेट असतं तर शब्दांच्या मधल्या जागेत दार बंद राहिलं असतं, घड्याळाचं गेट तिथेही उघडणारच. म्हणून क्रम असा ठेवा: आधी एडिसनमध्ये (एफएलचा ऑडिओ एडिटर) नुसत्या कूलरचा एक-दोन सेकंदांचा तुकडा निवडून आवाज साफ करण्याच्या हत्याराला त्याची ओळख द्या, मग पूर्ण आवाज हलका साफ करा, मग १०० ते १२० हर्ट्झच्या खालचं काढा (विजेची ५० हर्ट्झची घरघर आणि तिची १०० ची जोडीदारीण तिथेच असतात), आणि त्यानंतर गेट. साफसफाई जास्त केली तर आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. थोडा कूलर राहिला तरी चालेल.

क्रमाचाच विषय निघाला तर रिव्हर्ब (खोलीचा घुमारा) गेटच्या आधी की नंतर? दोन्ही बरोबर, पण दोन वेगळे पदार्थ. गेटनंतर रिव्हर्ब म्हणजे तर्री-पोह्यावर वरून घातलेली तर्री: ठोके खाली स्पष्ट, वर पसरलेला थर, कडा मऊ. गेटच्या आधी रिव्हर्ब म्हणजे रिव्हर्बसकट सगळंच कापलं जातं. मोठी खोली आहे असं वाटतं आणि क्षणात खोली नाहीशी होते. ट्रान्सच्या ब्रेकडाउनला दुसरा प्रकार फार परिणाम करतो. डिले मात्र जवळजवळ नेहमी नंतर लावा, आणि तो टिंबाचा १/८ (१/८ ची दीडपट) ठेवा, म्हणजे त्याचे ठोके गेटच्या रिकाम्या जागांत आणि केरव्याच्या मात्रांच्या अधेमधे पडतात. गेटनंतर जोरदार कॉम्प्रेसर लावू नका. तुम्ही मेहनतीने दिलेल्या ३० आणि ५५ च्या उंच्या तो उचलून १०० च्या जवळ आणून ठेवतो.

याच साखळीत एक छुपा दोष आहे आणि तो ग्रॉस बीटपुरता नाही, घड्याळाच्या सगळ्याच गेटना लागू आहे. गेटच्या आधी त्याच ट्रॅकवर पुढचं ऐकून काम करणारा लिमिटर, लिनिअर-फेज इक्यू किंवा सूर दुरुस्त करणारं प्लगिन असेल, तर आवाज गेटपर्यंत उशिरा पोचतो. घड्याळ मात्र वेळेवरच असतं. परिणाम: दार योग्य वेळी उघडतं, पण आतून ठोका निघतो तो आधीचा. सॉफ्टवेअर सगळे ट्रॅक एकमेकांशी जुळवून देतं, ट्रॅकच्या आतली ही चूक त्याने सुटेलच असं नाही. उशीर लावणारं सगळं गेटच्या नंतर न्या. नेता येत नसेल तर तेवढा भाग आधी रेंडर करून ऑडिओ म्हणून परत आणा आणि त्यावर गेट लावा.

स्लॉट बदलण्याची सोय हे ग्रॉस बीट घेण्याचं खरं कारण. एका प्लगिनमध्ये कडव्यासाठी एक एनव्हलप, ध्रुवपदासाठी दुसरा, बिल्डअपसाठी तिसरा, आणि कोणता वाजायचा ते ऑटोमेशन क्लिपने (नॉब गाण्यासोबत आपोआप फिरवणारी रेषा) ठरवायचं. दोन पथ्यं पाळा. पहिला स्लॉट कायम रिकामा, सरळ रेषेचा ठेवा, म्हणजे 'गेट नाही' अशी परत यायची जागा राहते. आणि ऑटोमेशन क्लिपमधले बिंदू 'होल्ड'वर ठेवा. साध्या तिरक्या रेषेने स्लॉट १ वरून ९ वर गेलात तर वाटेत २ ते ८ सगळे क्षणभर वाजतात आणि ध्रुवपदाच्या तोंडाशीच कचरा होतो. ज्यांना 'कधीकधीच होतं, कारण कळत नाही' वाटतं त्यांच्याकडे बहुधा हेच झालेलं असतं. मिडी कीबोर्डच्या सुरांनीही स्लॉट बदलता येतात. थेट वाजवणाऱ्यांसाठी ते चांगलं, बाकीच्यांनी क्लिपच वापरावी, दुसऱ्या दिवशी दुरुस्त करता येते.

डाव्या बाजूबद्दल एकच इशारा. वेळेचे खेळ दोन बारच्या साठवलेल्या आवाजावर चालतात. त्यामुळे गाण्याच्या अगदी सुरुवातीला, किंवा मधूनच प्ले दाबल्यावर, तो साठा रिकामा असतो आणि हाफ स्पीड नीट ऐकू येत नाही. तपासताना दोन बार आधीपासून वाजवा. व्हॉल्यूमच्या गेटला ही अडचण नाही.

आता गल्ली. स्टुडिओत सुंदर वाटलेलं १/१६ चं गेट मिरवणुकीत का गायब होतं, याचं उत्तर प्लगिनमध्ये नाही, भिंतींमध्ये आहे. ऑगस्ट-सप्टेंबरच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. गाडीपासून २० मीटरवर मोठी भिंत असेल तर जाऊन-येऊन ४० मीटर, म्हणजे ११४ मिलिसेकंद. १२८ बीपीएमवरचा १/१६ ठोका ११७. पुढच्या ठोक्याच्या जागेवर मागच्या ठोक्याचा प्रतिध्वनी बरोबर येऊन बसतो, आणि तुम्ही कापलेली रिकामी जागा भिंत भरून काढते. नागपूरच्या महाल-इतवारीच्या अरुंद गल्ल्यांत दोन्ही बाजूंना पाच-सहा मीटरवर घरं: प्रतिध्वनी तीस-पस्तीस मिलिसेकंदांतच परततो, परत-परत आपटतो, आणि प्रत्येक ठोक्याला शेपूट लागतं. अशा जागी १/८ चं गेट (२३४ मिलिसेकंद) टिकतं, १/१६ विरतं. केरव्याच्या आठ मात्रांचा आग्रह वर केला तो निव्वळ हौसेपोटी नाही. रस्त्यासाठीच्या मिक्समध्ये दार पूर्ण बंद करा, कारण उरलेली पातळी भिंत देणारच आहे. घरी किंवा गाडीत ऐकण्याच्या मिक्समध्ये मात्र तळ शून्यावर नेऊ नका, साधारण १२ ते १८ डेसिबल खाली ठेवा. पॅड श्वास घेतं, पण तुटत नाही. दोन मिक्स वेगळी करायची तयारी नसेल तर मधे कुठेतरी थांबा आणि दोन्हीकडे थोडं कमी मिळेल हे धरून चाला.

दुसरा घात मोनोचा. एक ठोका डावीकडे, एक उजवीकडे असं उडणारं गेट हेडफोनवर कमाल वाटतं. पण मिरवणुकीच्या गाडीवर डावं-उजवं अनेकदा एकत्र करून सगळ्या स्पीकरना एकच आवाज दिला जातो. डावीकडे उघडं तेव्हा उजवीकडे बंद, उजवीकडे उघडं तेव्हा डावीकडे बंद: दोन्हींची बेरीज केली की आवाज कायम उघडाच! कापलेलं पॅड पुन्हा सलग. रेंडरच्या आधी मास्टर एकदा मोनो करून ऐका, दहा सेकंदांचं काम आहे.

फाइल कशी पोचणार हेही गेटच्या सेटिंगमध्ये धरा. माल व्हॉट्सॲपवरून १२८ केबीपीएसच्या एमपी-थ्रीत फिरणार असेल तर धारदार कडा तिथे टिकत नाहीत. शांततेनंतर अचानक आवाज आला की एमपी-थ्रीचं दाबणं त्या आवाजाची धूळ ठोक्याच्या आधीच्या शांततेत सांडतं, कारण ते आवाजाचे छोटे-छोटे तुकडे घेऊन काम करतं आणि ४४.१ किलोहर्ट्झवर एक फ्रेमच २६ मिलिसेकंदांची असते. ३२० केबीपीएसवर हे बरंच कमी होतं. १२८ टाळता येत नसेल तर चढ ५ ऐवजी ८-१० मिलिसेकंदांचा करा. धार थोडी जाते, पण ठोक्याआधीची चर्र बरीच कमी होते.

मग ग्रॉस बीट घ्यावं का? एफएलच्या सिग्नेचर आवृत्तीत ते येतं. ती आधीच असेल तर गेटसाठी दुसरं काहीही विकत घेऊ नका. नसेल, आणि फक्त गेटपायी वरची आवृत्ती घ्यायचा विचार असेल, तर आधी फ्रूटी पीक कंट्रोलर वापरून पाहा. तोही एफएलचाच, आणि एका बाबतीत ग्रॉस बीटपेक्षा सरस आहे: तो ऐकतो. हलगीच्या किंवा हाय-हॅटच्या ट्रॅकवर तो लावा. लावल्याबरोबर त्या ट्रॅकचा आवाज बंद होतो, घाबरू नका, त्याचं म्यूट बटण सुरुवातीला चालूच असतं. हलगी ऐकू यायला हवी असेल तर ते बंद करा. 'बेस' (Base, म्हणजे तळाची पातळी) शून्यावर, 'व्हॉल्यूम' वर. मग पॅडच्या ट्रॅकवर फ्रूटी बॅलन्स टाका, त्याच्या व्हॉल्यूम नॉबवर उजवा क्लिक, 'लिंक टू कंट्रोलर', यादीतून पीक निवडा. आता हलगी जशी वाजेल तसं पॅड उघडेल, जोरात मारली तर जास्त, हळू मारली तर कमी. पॅड मूळ पातळीपेक्षा वर उसळत असेल तर पीकचा 'व्हॉल्यूम' कमी करा. ठोके फार तुटक वाटले तर 'डिके' वाढवा.

हे काटेकोरपणे गेट नाही, पातळीच्या मागे चालणारी सावली आहे. पण हाताने वाजवलेल्या ढोलकीचा झुलता ठेका पॅडमध्ये उतरवायचा असेल तर याला तोड नाही. ढोलकी सरकली तर पॅडही तिच्यासोबत सरकतं, ग्रिडची गरजच उरत नाही. धुमाळ किंवा संदल (मिरवणुकीतलं हाताने वाजवलेलं वादन) मिक्स करणाऱ्यांनी, जिथे वाजवणाऱ्याचा हात हाच माल असतो, इथूनच सुरुवात करावी.

एफएल न वापरणाऱ्यांसाठी रीपर या दुसऱ्या सॉफ्टवेअरमधलं रीगेट पुरेसं आहे. विंडोजवर ते रीप्लग्स या मोफत संचात सुटंही मिळतं. रीपरची ६० दिवसांची चाचणी पूर्ण सोयींची असते. पॅडच्या ट्रॅकला चार चॅनेल द्या, हलगीच्या ट्रॅकवरून पॅडच्या ३/४ वर सेंड काढा, रीगेटमध्ये डिटेक्टर 'ऑक्झिलरी' करा. सेंड प्री-फेडर ठेवलात तर हलगीचा फेडर खाली ओढूनही गेट चालत राहतं. अटॅक १ ते ३, होल्ड २० ते ४०, रिलीज ३० ते ६० मिलिसेकंद. हिस्टेरिसिस (दार उघडण्याच्या आणि बंद होण्याच्या पातळीतला फरक) ३ ते ६ डेसिबल खाली न्यायला विसरू नका. नाहीतर हलगीची पातळी सीमेवर रेंगाळते तेव्हा दार सेकंदात दहा वेळा फडफडतं आणि लोक त्यालाच इफेक्ट समजून ठेवून देतात. हलगीसोबत मागचा गोंगाटही आला असेल तर डिटेक्टरचा हायपास वर नेऊन फक्त काडीचा आवाज त्याला ऐकू द्या.

ग्रॉस बीटच्या बाजूने एवढं नक्की सांगता येईल: कडवं, ध्रुवपद, बिल्डअप अशा वेगवेगळ्या जागी वेगवेगळं कापायचं असेल, उंच्या हाताने ठेवायच्या असतील आणि गाणं ग्रिडवर असेल, तर एवढं कमी हात चालवून एवढं मिळवून देणारं एफएलच्या आत दुसरं काही नाही. खात्री करायला पैसे लागत नाहीत. एफएलच्या ट्रायलमध्ये ग्रॉस बीट चालतं, रेंडरही होतं. फक्त सेव्ह केलेला प्रोजेक्ट पुन्हा उघडत नाही. म्हणून केरव्याच्या आठ उंच्या आधी कागदावर लिहून घ्या, एका बैठकीत पॅड कापा, एक मोनो आणि एक स्टिरिओ अशा दोन वेव्ह फाइल काढा, आणि त्या गाडीवाल्याकडे संध्याकाळी सिस्टिम तपासताना वाजवून घ्या. रात्री १० च्या आत.